आतून उघडणारं दार

सकाळी अकरा वाजता सरकारी दवाखान्याच्या मागच्या फाटकातून एक पांढरी गाडी निघाली. पुढे ड्रायव्हर आणि समुपदेशक ताई, मागे एकटी मुलगी. तिला आदल्या दिवशी पोलिसांनी एका लॉजमधून सोडवलं होतं. वय एकवीस. एवढंच तिनं सांगितलं होतं. धंद्यातून सुटलेल्या बायकांना पहिले काही दिवस आसरा देणाऱ्या संस्थेत तिला न्यायचं होतं.

ड्रायव्हर साठीला टेकलेले. मुलगी यायच्या आधी ताई त्यांना म्हणाली होती, "मामा, आज एवढी गुळगुळीत दाढी? कुणाला बघायला चाललात?"

"नातीचा हुकूम. गाल टोचतात म्हणते."

संस्थेत सगळे त्यांना मामा म्हणत. नव्या मुलीसमोर मात्र तो शब्द कुणी काढत नसे. कित्येकींना कुठल्या तरी मामानंच गाडीत घातलेलं असायचं.

मामांची एक रीत होती. कुठे जायचं, कुठल्या रस्त्यानं, हे ते आधी सांगायचे. मग म्हणायचे, "दार आतून उघडतं. उघडून बघ." मुलगी दार उघडून बघायची, पुन्हा लावायची, मगच ते चावी फिरवायचे. एकीनं एकदा उघडझाप करता करता अर्धा तास घालवला होता. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले होते.

त्या दिवशी मागे रुग्णवाहिका येऊन अडली.

"ओ काका, मुहूर्त बघताय का? काढा की गाडी."

मामांनी रस्ता सांगितला. दाराचंही सांगितलं. "आतून उघडतं, बरं का. पुढे सिग्नलला बघ हवं तर." आणि गाडी काढली.

मोठ्या चौकात सिग्नल लाल झाला. मागून खट् असा आवाज आला. पुन्हा खट्. मग लागोपाठ.

मामांना एकदम आठवलं. सकाळी येताना त्यांनी नातीला शाळेत सोडलं होतं. चालत्या गाडीत तिचा हात सारखा दाराशी जातो, म्हणून त्यांनी मागच्या दोन्ही दारांना लहान मुलांसाठी असतं ते लॉक लावलं होतं. ते लावलं की दार फक्त बाहेरून उघडतं. नात उतरली, टाटा करून गेली. लॉक काढायचं राहिलं.

"थांब पोरी, माझं चुकलं. उघडतो."

चौक ओलांडून त्यांनी गाडी कडेला घेतली, धावत मागे गेले आणि दार उघडलं. मुलगी पलीकडच्या दाराला चिकटली. गुडघे छातीशी, हात तोंडावर. उघड्या दारात उभा राहिलेला दांडगा पुरुष, एवढंच तिला दिसत होतं. मामांच्या ते ध्यानात आलं तसे ते मागे सरले आणि फुटपाथवर जाऊन बसले.

ताई खाली उतरली, पण गाडीजवळ गेली नाही. "त्यांची नात लहान आहे. तिच्यासाठी लावलं होतं ते. काढायला विसरले."

मुलीनं तोंडावरचे हात काढले. मग म्हणाली, "उघडतं म्हणाले होते."

"हो."

"तो पण असंच म्हणाला होता. मध्ये कुठेही उतर म्हणाला."

मामांनी लॉक काढलं, पण मुलीनं दार पुन्हा लावू दिलं नाही. उरलेला रस्ता ती ताईसोबत चालत गेली. मामा रिकामी गाडी घेऊन हळूहळू मागून येत होते. ती वळून बघते आहे हे दिसल्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि त्या दोघी वळणाआड जाईपर्यंत तशीच उभी ठेवली.

संस्थेत तिला खोली मिळाली. तिची कडी आतल्या बाजूला होती. मुलीनं कडीला हात लावला नाही आणि पलंगावर बसलीही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती फाटकातून निघून गेली. मुलगी सज्ञान होती. तिला अडवायचं नाही, हा नियम. ताईनं मागे जाऊन विचारलं, "चहा तरी घेऊन जातेस?" तिनं नाही म्हणून मान हलवली. संस्थेनं दिलेल्या चपला फाटकाशी नीट जोडून ठेवल्या आणि स्वतःच्या तुटक्या घातल्या. संस्थेच्या हेल्पलाइनचा नंबर ताईनं दोनदा म्हणून दाखवला. तिनं ऐकला का, कळलं नाही.

संध्याकाळी मामांनी गाडीची चावी ताईच्या टेबलावर ठेवली.

"दुसरा कोणी बघा."

"दुसरा दार तपासेलच असं नाही," ताई म्हणाली. "उचला ती."

मामांनी चावी उचलली. आता ते नातीला शाळेत पायी सोडतात. तिनं विचारलं, "आजोबा, गाडी रुसली का?" ते म्हणाले, "हो, जरा रुसलीय." रोज सकाळी, कुणी यायच्या आधी, ते स्वतः मागच्या सीटवर बसतात, दार लावून घेतात आणि आतून उघडतात. मग पलीकडे सरकून दुसरंही तपासतात. संस्थेतली स्वयंपाकीण एकदा हसली होती. आता कुणी हसत नाही.

गेल्या महिन्यात दुपारी हेल्पलाइनवर फोन आला. नंबर दिसत नव्हता. मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. बाईचा आवाज, दबका.

"त्या गाडीचं दार आता आतून उघडतं का?"

"उघडतं," ताई म्हणाली. "आम्ही येऊ का? तू सांगशील तिथे येऊ."

मग फोन बंद झाला. आवाज तिचाच होता, असं ताई खात्रीनं सांगत नाही. मामांनी गाडीचं तोंड फाटकाकडे करून ठेवलं आहे. फोन पुन्हा आलेला नाही.