टेबलावर राहिलेली गाठ

मी दोरी. निळी, नायलॉनची, चार हात लांब. दोरीला तोंड नसतं. तरी बोलतेय, कारण आता गप्प बसवत नाही.

आधी मी लांबलचक होते. धाकट्याच्या टेम्पोवर कपाटं, गाद्या, फ्रिज बांधायची. सातवीत शाळा सोडलेला पोरगा, पण त्याची गाठ खड्ड्यातही हलायची नाही आणि उतरवताना एका झटक्यात सुटायची. काम झालं की मला झटकून सरळ करायचा, गुंडाळून खिळ्याला अडकवायचा. गुंतलेली दोरी त्याला बघवत नसे.

कॉलेजच्या सुट्टीत त्याच्या ताईला गणिताच्या संशोधनाचं काम मिळालं. विषय, गाठी. धाकटा पोट धरून हसला.

"गाठींचं गणित? मग मलाच प्राध्यापक करा की!"

"तुझी गाठ सुटते, शहाण्या. माझी न कापता सुटली तर ती गाठच नव्हे. दे एक दोरी."

त्याने कुरकुरत माझा हा तुकडा कापून दिला. ताईने मला बारा ठिकाणी स्वतःवरूनच ओलांडायला लावलं, दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडली आणि समोर आरसा ठेवला. न कापता, नुसती फिरवून, मी आरशातल्या गाठीसारखी होते का, एवढाच तिचा प्रश्न. दीड महिना तो प्रश्न तिला जेवू देईना.

एका दुपारी ती ओरडली, "जमलं रे!"

"बरं झालं. आता वाढ, भूक लागलीय," धाकटा म्हणाला.

मग ती पुन्हा पहिल्यापासून सावकाश फिरवत एकेक पायरी वहीत काढू लागली. सातव्या पायरीला वहीची पानं संपली, तरी हाताच्या ओघात पुढच्या दोन पायऱ्या तिने फिरवल्याच. मला तसंच चिमटे लावून टेबलावर ठेवलं आणि स्कूटर घेऊन नवी वही आणायला गेली. वळणावर ट्रक होता.

आठवड्याने धाकटा तिची खोली आवरायला आला. डोळ्यांतून धारा, हात मात्र सवयीचे. मी गुंतलेली दिसले. चिमटे काढले, पट्टी सोलली, झटका दिला. सरळ केलं, गुंडाळलं, खिळ्याला लावलं.

नंतर तिच्या कॉलेजातल्या गणिताच्या मॅडम आल्या. "फोनवर म्हणाली होती, जमलं म्हणून. ती दोरी कुठाय?"

त्याने मला आणून दिलं. नीट गुंडाळलेली. मॅडम खाली बसल्या. वही चाळली, सातव्या चित्रावर संपलेली.

"पुढचं त्या गाठीत होतं, बाळा."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता रोज टेम्पो लावला की तो सातवं चित्र बघून मला बांधतो. तिथवर जमतं. पुढे अडतो. आरशात बघतो, तर गाठीआधी स्वतःचं नाक दिसतं, हुबेहूब ताईचं. मग आरसा पालथा घालतो.

माणसांनो, कुणाचं अर्धं काम टेबलावर राहिलं असेल, तर लगेच आवरू नका. पसाऱ्यातही माणूस असतो.

आजही तो बसलाय. मला मुठीत धरून विचारतोय, "ताई, आता कुठून? डावीकडून की उजवीकडून?"

डावीकडून रे, वेड्या. खालून, डावीकडून. तिचा हात तिथूनच गेला होता.