चुकलेल्या शब्दांचा खोका

मी एक जुना खोका आहे. पेटी नव्हे, डबा नव्हे, खोकाच. आणि मला त्याची लाज वाटत नाही. कारखान्यात मला पांढऱ्या बुटांसाठी बनवलं. ते बूट घालून एक नर्स वर्षभर वॉर्डात फिरली, त्यांचे तळ झिजले, बूट गेले आणि मी माळ्यावर राहिलो.

या सिस्टरला परदेशातल्या एका रुग्णालयात नोकरी मिळत होती. अट एकच, जर्मनची परीक्षा. पहिल्या खेपेला ती नापास झाली. आता शेवटची संधी होती. तीही हुकली असती तर तिची जागा दुसरीला गेली असती. तेव्हा तिने मला खाली काढलं, पुठ्ठ्याचे चार पडदे घातले आणि माझे पाच कप्पे केले. नवा शब्द पहिल्या कप्प्यात, तो रोज विचारायचा. आला की एक कप्पा मागे, म्हणजे जरा जास्त दिवसांनी पाळी. चुकला की कुठूनही थेट पहिल्यात. मित्रांनो, माझ्याकडे वशिला चालत नाही.

प्रत्येक कार्डावर एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला जर्मन शब्द आणि सिस्टरने काढलेलं चित्र. तिचं इंग्रजी चांगलं. इंग्रजी आणि जर्मन या चुलत बहिणी आहेत हे तिने हेरलं. वॉटरचं वासर, फूटचा फूस, बेटरचं बेसर. एकीकडचा ट दुसरीकडे स होऊन नांदतो. नातं जुळेना तिथे चित्र कामाला यायचं. हाड म्हणजे क्नॉखन, म्हणून एक सांगाडा हाडाने दारावर नॉक करतोय. चमचा म्हणजे लॉफल, म्हणून चमचा पोट धरून लाफ करतोय. गिफ्ट म्हणजे मात्र चक्क विष! त्या कार्डावर रिबन बांधलेली बाटली होती आणि खाली लिहिलं होतं, 'चुलत बहिणीवर आंधळा विश्वास नको.'

क्लासच्या सरांनी मला पाहिलं आणि ते हसले. "सिस्टर, ही काय बालवाडी आहे? यादी घ्या आणि घोका." यादी घोकूनच ती पहिल्यांदा नापास झाली होती, हे सर सोयीस्कर विसरले. पोरकट तर पोरकट! सांगाडा तिच्या लक्षात राहत होता, यादी राहत नव्हती.

परीक्षेला नऊ दिवस उरले होते. सिस्टर ड्यूटीवर होती. तिच्या सासूबाई तीस वर्षं ग्रंथालयात कार्डं लावून निवृत्त झालेल्या. त्यांनी मला उघडलं, कपाळाला हात लावला आणि दुपारभर बसून सहाशे चाळीस कार्डं ए ते झेड लावून टाकली. माझे चारही पडदे केराच्या टोपलीत गेले.

सिस्टर आली आणि तिने मला उघडलं. "आई, हे काय केलंत?"

"किती पसारा होता गं! आता हवं ते कार्ड पटकन सापडेल."

"मला शोधायचं नव्हतं, आई. मला काय येतं आणि काय येत नाही, तेवढंच त्यात होतं. ते सगळं गेलं."

मला असा राग आला की काय सांगू! नीटनेटकेपणाचे गोडवे तेव्हापासून मला ऐकवत नाहीत. मग सासूबाईंनी टोपलीतून पडदे काढले, पुसले आणि परत बसवले. "मला जर्मन येत नाही, पण कार्ड धरता येतं. मी मराठी वाचते, तू बोल. पाच मोजेन. नाही आलं तर पहिल्यात."

सगळी कार्डं पुन्हा लावायला तीन दिवस हेच चाललं, ड्यूटीच्या आधी आणि नंतर. तेव्हा एक गोष्ट उघडी पडली. सिस्टर आजवर स्वतःलाच सूट देत होती. आधी शेवटच्या कप्प्यात असलेले कितीतरी पक्के शब्द कच्चे निघाले.

"आई, अगदी ओठावर होता!"

"ओठावरचा शब्द पेशंटला ऐकू येत नाही. पहिल्यात."

सिस्टर चिडली, एकदा रडलीही, पण सासूबाई बधल्या नाहीत. आणि ती पास झाली. मग तेच सर माझ्या कार्डांच्या झेरॉक्स मागायला आले. सिस्टर म्हणाली, "सर, हा सांगाडा माझ्या डोक्यातला आहे. ज्याचा त्याने आपापला काढावा." मी पुठ्ठ्याचा नसतो तर टाळ्या वाजवल्या असत्या.

कार्डं घेऊन ती गेली. मी रिकामा पडलो. आता रद्दीच, असं वाटलं. पण आठवड्याने सासूबाईंनी मला टेबलावर ओढलं. वर्षभरात सून त्यांना तिकडे बोलावणार आहे. शेजारीण म्हणाली, "या वयात कसलं जर्मन?" सासूबाईंनी कोरी कार्डं कापायला घेतली.

मित्रांनो, माझे कोपरे फाटलेत, झाकण बसत नाही. मला चिकटपट्टी लावा, पण शोभेला ठेवू नका. चुका लपवायला दुसरी जागा शोधा. माझ्याकडे त्या सगळ्यात पुढेच बसतील.

'माफ करा'ला जर्मनमध्ये एन्टशुल्डिगुंग म्हणतात. सासूबाईंचा तो शब्द आज एकोणिसाव्यांदा चुकला. त्यांनी चष्मा पुसला, कार्ड पहिल्या कप्प्यात दाबून बसवलं आणि त्याला बजावलं, "बस तिथेच. बघू, आधी कोण दमतं ते!"