दिवे लावले

साहेबराव पाटलांची पहिली काठी पाटीवर बसली, दुसरी जहांगीर पेंटरच्या खांद्यावर. बोलायचं ते तिसरीनंतर, अशी त्यांच्या घराण्याची रीत होती.

तिसरी तोंडावर बसली. जहांगीर तळ्याकाठच्या चिखलात पडला. लाल रंगाचा डबा लवंडला, त्यामुळे रक्त किती आणि रंग किती, हे जमलेल्या लोकांना ठरवता येईना.

"वाच. मोठ्यानं वाच."

जहांगीरने वाचलं. "या बत्तीबुरुजावर कैलासवासी कचरू पाटील यांनी दिवे लावले."

गर्दीत पुन्हा कोणीतरी फिसकन हसलं. चौथी काठी पाठीत बसली.

"पाटील, तुमीच म्हन्ले, आज्याचं नाव बुरुजाच्या इतिहासात पायजे. मी बराबर तेच लिव्हलं."

"माझ्या आज्यानं काय दिवे लावले, ते गावाला सांगून राह्यला तू?"

बाजाराहून रात्री नावेने परतणाऱ्यांना तळ्यातले खडक कळावेत म्हणून पूर्वी या बुरुजावर कंदील टांगत. ते काम कचरू पाटलांकडे होतं. एका रात्री कंदील लागला नाही, आणि नावेत नेमका त्यांचा धाकटा भाऊ होता. पुढे दोघांची शेती एकाची झाली. त्यावर गावाने कधी अवाक्षर काढलं नाही. गाव फक्त आज हसलं, तेही वाक्प्रचाराला.

"पुसतो मंग," जहांगीर उठून बसत म्हणाला. "नवं काय लिहू? विझवले लिहू का?"

पुढचा दात चिखलात पडल्यामुळे 'झ' नीट उमटला नाही. पण सगळ्यांना कळलं.

काठी वर गेली.

बुरुजाच्या पायरीवर तुळजाबाई बसली होती. खडकावर गेलेल्या त्या भावाची मुलगी, साहेबरावांची चुलत आत्या. ती मघापासून एकदाही हसली नव्हती.

"मार की साहेबा," ती म्हणाली. "थांबला कामून?"

साहेबरावांनी काठी खाली घेतली. वाकून डबा सरळ उभा केला. तळाशी थोडा रंग उरला होता.

"राहू दे," ते म्हणाले. "बराबर लिव्हलं."

पाटी लागली. काठीची चीर 'कैलासवासी'वरून आडवी गेली होती, ती कोणी बुजवली नाही.

त्या संध्याकाळी बुरुजावर कंदील दिसला, आणि साहेबराव भिंतीला धरून एकेक पायरी उतरताना दिसले. तळ्यात आता नाव नव्हती. पाणीही फारसं नव्हतं.