अर्ध्या कोसावरची लुंबिनी

"घोडं लंगडून न्हाई राहिलं, ह्यानं लंगडवलंय!" कोंडीबानं चालत्या टांग्यातून खाली उडी टाकली. "माह्यासमोर हे नाटक? अठरा वर्सं टांगा हाकलाय म्या हिंगोलीत."

त्याची बायको चांगुणा आतच बसून राहिली. वैशाखातलं ऊन, नेपाळचा परका मुलूख आणि तिचा दमा. पाच गाड्या बदलून ती इथवर आली होती ती एकाच आशेवर. तथागत जिथं जन्मले, तिथं एकदा उभं राहायचं. लग्नाच्या तीस वर्षांत तिनं नवऱ्याकडं मागितलं ते एवढंच.

दोघं संतराम गुरुजींच्या जथ्याबरोबर आली होती. नांदेड-परभणीकडची पस्तीसेक माणसं, त्यात हिंगोलीची ही दोघंच. सकाळी सरहद्दीवर गुरुजींनी सगळ्यांसाठी बस ठरवली, तर कोंडीबा अडून बसला. "हा बसवाला लुटून राहिला, गुरुजी. परदेसात कोनावर भरोसा करू न्हाई. मी माहा टांगा करतो." कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, आणि कोंडीबाची कावीळ जुनी होती.

हिंगोली स्टेशनावर नरसीला जाणारे परगावचे भाविक उतरले की तो त्यांना गोड बोलून टांग्यात घ्यायचा. वाटेत पाणी पाजायच्या निमित्तानं उतरून घोड्याच्या घोट्यावर बारीक दोरा आवळायचा. गाव कोसभर राहिलं की घोडं लंगडायला लागायचं. मग हा कळवळून म्हणायचा, "मुकं जनावर हाय, माय. ते काय देऊळ, झाडामागं." पुरं भाडं घेऊन स्वारी माघारी, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनी ऊन डोक्यावर घेऊन कोसभर चालायचं. लाज तर सोडाच, टांगा अड्ड्यावर तो हे रंगवून सांगायचा. घरी मात्र अवाक्षर काढत नसे.

आणि आता हा परमुलखातला म्हातारा टांगेवाला हुबेहूब तेच बोलत होता.

"घोड़ा नहीं चलेगा, बाबूजी. लुंबिनी वो रही, पेड़ों के पीछे. आधा कोस. माताजी को धीरे-धीरे ले जाओ. पैसा मत दो."

पैसे नको म्हटल्यावर तर कोंडीबा जास्तच पेटला. "थांब, दोराच काढून दावतो तुला," असं बायकोला सांगून तो खाली बसला. घोड्याचा पाय उचलला, घोट्यावरून बोटं फिरवली. दोरा नव्हता. सूज होती, चांगली तापलेली. हात लागताच घोडं थरथरलं.

त्याला कळलं. सगळा जन्म घोड्यांत गेलेला, असली सूज न कळायला काय झालं? पण बायकोसमोर बोलून बसला होता ना! पाय सोडून तो उठला. "काढून टाकला असंल लबाडानं."

चांगुणा दांडीला धरून खाली उतरली. "आवो, अर्धाच कोस म्हून राहिलेत ते. मी चालते. बसत-बसत जाऊ."

"अर्धा कोस! चार कोस असंल. मी बी असंच म्हनतो नरसीवाल्यांना."

"काय म्हनता?"

"ते काय देऊळ, झाडामागं. धंद्यात म्हनावं लागतं."

चांगुणा त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. "म्हाताऱ्या बायांना बी?"

तेवढ्यात सरहद्दीकडं निघालेली एक बैलगाडी आली. त्यानं हात करून ती थांबवली.

"त्या झाडांपत्तूर तरी जाऊन पाहू," चांगुणानं हात जोडले. "न्हाई दिसलं तं वापस फिरू. तुमच्या पाया पडते."

"वाटंत मेलीस तं उचलून कोन आनंल तुला?" त्यानं दंडाला धरून तिला गाडीत चढवलं. म्हातारा बिचारा गाडीमागं थोडा पळत आला. "अरे, पास ही है! पास ही है, माताजी!"

संध्याकाळी सरहद्दीवर जथ्याची बस परत आली. संतराम गुरुजी धावतच आले. "अहो, होतात कुठं? परतताना तुमचा तो लंगड्या घोड्याचा टांगा वाटेत उभा दिसला, तिथून पुढं झाडं ओलांडली की समोरच सगळं. आम्ही तुमची किती वाट बघितली!"

कोंडीबानं मान खाली घातली नाही. उलट घोड्याचं नाटक कसं ओळखलं ते गुरुजींना सांगायला लागला. परतीची आगगाडी रात्रीची होती. सगळ्यांची तिकिटं एकत्र काढलेली, मागं राहायची सोय नव्हती.

गाडीत तो तिच्या कानाशी लागला. "घरी इचारलं तं पायलं म्हनून सांगायचं. माही इज्जत घालवू नको." चांगुणा पदरानं तोंड पुसून खिडकीबाहेर बघत राहिली.

हिंगोलीत घराबाहेर बाजेवर बसून कोंडीबा वस्तीतल्या माणसांना सांगत होता, परदेशातला टांगेवालासुद्धा आपल्याला फसवू शकला नाही. ऐकणारे माना डोलवत होते. आत बायका चांगुणाभोवती जमल्या होत्या. सगळ्यांत म्हातारी जनकाबाई. डोळ्यांनी अधू झालेली, तरी नातीचा हात धरून आली होती.

"तथागताच्या जागंवर उभे राहून आलेले पाय हायत, माय. डोकं टेकवू दे," म्हणत ती वाकली.

चांगुणानं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. "नको, जनकामाय," ती कशीबशी म्हणाली. "माह्या पाया नको पडू."

चांगुणानं काहून नको म्हणावं, ते जनकाबाईला कळलं नाही. ती लुगड्यावरूनच पाय चाचपत राहिली.