गायब अहवाल

तायडी मामाकडे राहून एम.ए. करत होती आणि मामेबहीण सोनी तिच्याच वर्गात होती. दोघींना खोली एक, टेबल एक. बोलणं मात्र कामापुरतं, तेही टोमण्यांतून.

"लायब्ररीत राहायलाच जा ना, तेवढीच खोली मोकळी होईल," सोनी म्हणायची.

"तुझ्या मोबाईलला अंथरूण घालायला का?" तायडी विचारायची.

इतिहासाच्या सरांनी शहरातल्या जुन्या कॉलऱ्याच्या साथीवर निबंध लिहायला सांगितला आणि प्रकरण पेटलं. साथीच्या वेळच्या आरोग्य अधिकाऱ्याने लिहिलेला अहवाल ग्रंथालयात होता. प्रत एकच, तीही बसून वाचायची, घरी न्यायची नाही. तायडी रोज जाऊन वाचायची. बारीक टाइप, पिवळी पानं, विहिरीविहिरींवर केलेली पाहणी. एक दिवस वाचता वाचता तिच्या मनात आलं, उद्या सोनी येईल, घटकाभरात चार फोटो काढेल आणि माझ्यापेक्षा जास्त मार्क घेऊन जाईल. उठताना तिने अहवाल जागेवर ठेवलाच नाही. तळमजल्यावर पशुवैद्यकाच्या पुस्तकांचं कपाट होतं. तिथे कुत्रंसुद्धा फिरकत नसे. घोड्यांच्या रोगांवरच्या जाडजूड ग्रंथांमागे तिने तो सरकवला. मग रोज तिथूनच काढायची, घोड्यांच्या एखाद्या ग्रंथात घालून वाचायची, परत तिथेच ठेवायची.

सोनी खरंच एकदा आली. अहवाल जागेवर नाही म्हटल्यावर ग्रंथपाल बाईंनी इतिहासाची मांडणी न् मांडणी उपसली. सापडला नाही. सोनीने खांदे उडवले आणि मोबाईललाच विचारलं. मोबाईलने विचारलं तेवढं सगळं दिलं, वर अहवालातला एक उताराही पान क्रमांकासकट दिला: अफवांनी बिथरलेल्या जमावाने म्हणे नळ फोडले होते.

सोनीने निबंध वाचला तेव्हा सर खुर्चीतून पुढे सरकले. अहवाल हरवायच्या आधीच उतारा टिपून घेतला होता, असं तिने ठोकून दिलं. साथीच्या काळात लोकांनी दंगल केली, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले होते, पुरावा तेवढा नव्हता.

"वा! याला म्हणतात संदर्भ शोधणं," ते म्हणाले. "परवाच्या परिषदेत मी हा उतारा वाचून दाखवणार आहे. बाकीच्यांनी शिका जरा."

'बाकीच्यांनी' म्हणताना त्यांनी तायडीकडे पाहिलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"सर, असं काही त्या अहवालात नाहीच. तेव्हा शहरात नळच आले नव्हते. सगळं पाणी विहिरींचं होतं."

"तुम्हाला कसं माहीत? अहवाल तर गहाळ आहे. ग्रंथपाल बाईंना त्याबद्दल नोटीसही गेली आहे."

सोनी तिच्याकडे बघत गालातल्या गालात हसली. गप्प बसणं तायडीच्या हातात होतं. पण ते हसणं तिला सोसवलं नाही. ती तडक ग्रंथालयाच्या तळमजल्यावर गेली, अहवाल काढला आणि सरांच्या टेबलावर आपटला.

"काढा ते पान!"

सरांनी पान काढलं. त्यावर विहिरींत टाकलेल्या चुन्याचा हिशोब होता. सोनीचा चेहरा पांढराफटक पडला. सर मात्र अहवाल मिटून तायडीकडेच वळले.

"होता कुठे हा?"

तिने घोड्यांच्या ग्रंथांमागची जागा सांगितली. मग ग्रंथपाल बाईंना बोलावलं गेलं. त्या आरडाओरडा करणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी अहवाल उचलला, पानं तपासली.

"पुस्तक हरवलं म्हणून माझी बढती रोखली आहे," त्या तायडीला म्हणाल्या. "तू रोज माझ्यासमोर बसून तेच वाचत होतीस आणि मी तुला दिवा लावून देत होते."

सोनीचा निबंध शून्यावर गेला. तायडीचं ग्रंथालयाचं कार्ड वर्षभरासाठी रद्द झालं. सरांनी परिषदेला जायचं टाळलं आणि दोघींशी बोलणं सोडलं.

संध्याकाळी मामीने ताट तायडीपुढे ठेवलं नाही, सरकवलं.

"माझ्या घरात राहून माझ्याच पोरीला तोंडावर पाडलंस."

"मामी, तिने खोटं लिहिलं होतं."

"आणि तू काय केलंस? चोरीच ना?"

मामा पाण्याचा पेला हातात धरून बसून राहिला, पण 'असू दे' म्हणाला नाही. तायडीला तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी तिने वसतिगृहात अर्ज दिला.

तायडी सामान बांधत असताना सोनी दारात येऊन उभी राहिली.

"मला पुन्हा लिहायला सांगितलंय. खरं काय होतं गं त्यात? कुठल्या विहिरीपासून साथ पसरली?"

तायडीला सगळं तोंडपाठ होतं.

"तुझं कार्ड चालू आहे ना? मग जा आणि वाच."

"नको सांगूस, गेलीस उडत," म्हणत सोनीने खिशातून मोबाईल काढला.

तायडीने बॅगेची चेन ओढली आणि तिला धक्का देऊन जिना उतरली.