भुऱ्याचा घास

दोन हजार बावीस साल होतं. दिवाळी सरली, टोळ्या ऊसतोडीला गेल्या आणि शिरूर कासारजवळच्या शाळेचं वसतिगृह मागे राहिलेल्या लेकरांनी भरलं. त्या वर्षी नववीला एक नवाच विषय आला होता: आंधळ्या माणसाला वाट दाखवणारं कुत्रं तयार करायचं. कुत्र्याचं नाव भुऱ्या. त्याला शिकवायची नववीतली सुनिता. परीक्षेत उतरला, तर तो आश्रुबाला मिळणार होता. आश्रुबा म्हणजे वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या केशरबाईचा धाकटा भाऊ. ऊस तोडता तोडता त्याची नजर गेली होती.

परीक्षा तोंडावर आली आणि भुऱ्या बिघडला. अंगावर कामाचा पट्टा चढवून आश्रुबाला घेऊन निघाला की वाट सोडून खाऊ मागितल्यागत मान वर करायचा. एका संध्याकाळी तर त्यानं आश्रुबाला हापशाच्या ओट्यावर आदळलं.

"कामावर असताना याला कुणीतरी खायला घालतंय," हा विषय शिकवणारे अमरसिंह सर म्हणाले.

केशरबाईला दुसरं कोण सुचणार? तिनं सुनिताला चुलीपाशी गाठलं.

"दाखव हात."

"मावशी, वास काहून घेताय?"

"भाकरीचा येतोय का बघते."

"आताच जेवले. मग काय अत्तराचा यील?"

उलट बोलली म्हणून संशय आणखीच बळावला. केशरबाईनं सरांच्या कानावर घातलं. उद्यापासून भुऱ्या दुसऱ्या पोरीकडे, असं ठरलं. सुनिता भुऱ्याच्या गळ्यात हात टाकून नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी केशरबाई भावाचा सदरा धुवायला बसली. खिसा उलटा केला, तर बाजरीच्या भाकरीचा कुटका हातात आला. ती तशीच ओल्या हातांनी उठली.

"आश्रुबा, हे काय हाय?"

"त्याचा घास. मुक्या जीवाला दिल्याबिगर आपण गिळायचं न्हाई, आईनंच शिकवलंय ना अक्का? त्यो तर माझ्यापायी राबतोय."

"आन् त्या पोरीवर आळ आला की!"

"कुणी घातला?"

 खरं सांगावं तर सर म्हणतील, या माणसाला कुत्रं द्यायला नको. भावाचा कायमचा आधार जाईल. तिनं कुटका पदरात बांधला, परत सोडला. शेवटी भावाचा हात धरून ती सरांसमोर उभी राहिली आणि कुटका पुढे करून सगळं सांगितलं.

सर कपाळाला आठ्या घालून बसले. बोलली ती भुऱ्याला सोपवायला तिथं आलेली सुनिताच.

"मामा, टोळीत हातात कोयता असताना भाकर खाता का?"

"खुळी का काय! कोयता खाली ठेवल्यावर."

"मग भुऱ्याच्या अंगावर पट्टा हाय तवर त्याच्या हातात कोयता हाय. घरी आल्यावर पट्टा काढा, त्याच्या ताटलीत घास टाका, मग तुमी जेवा."

आश्रुबा खदखदून हसला. सर मात्र म्हणाले, "परीक्षेत बघू. तोवर भुऱ्या सुनिताकडेच."

भुऱ्या उतरला. आश्रुबा आजही त्याच्यासोबत बाजारात जातो आणि घरी पट्टा निघाल्याशिवाय घास घेत नाही. अमरसिंह सरांची बदली धारूरला झाली. सुनिता आता जनावरांच्या दवाखान्यातलं काम शिकते. सुट्टीला आली की आधी भुऱ्याला भेटते. केशरबाई तिला दोन भाकरी जास्त वाढते. पण भावाचा सदरा धुण्याआधी खिसा चाचपायची तिची सवय काही गेली नाही.