साखरपुड्याची कॅसेट

रविवार, २२ नोव्हेंबर १९९८, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटं. शारजातल्या एका फ्लॅटमध्ये केंड्राने पर्णिकाच्या साखरपुड्याची कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली. घरात ती एकटीच होती.

अटलांटाच्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून इथल्या विद्यापीठात एका सत्रासाठी आलेली ती पहिली मुलगी. राहायला भानुदास आणि सुलभा यांचं घर. पुढच्या वर्षी आठ मुली पाठवायच्या की नाही, हे तिच्या अभिप्रायावर ठरणार होतं. टेबलावरच्या फॉर्ममध्ये एकच प्रश्न उरला होता: आपल्या मुलींना या घरी पाठवावं का? उत्तर तिच्या मनात पक्कं होतं. सुलभाकाकूने तिला पोळ्या लाटायला शिकवल्या, मराठी शिकवलं. पर्णिका, त्यांची लेक, तिला बहीणच म्हणायची. साखरपुड्यात ओटीचं ताट केंड्रानेच धरायचं, असंही ठरलं होतं.

शुक्रवारी, साखरपुड्याच्या सकाळी मात्र पर्णिका म्हणाली, "ताट आतेबहीण धरेल गं. शूटिंग तुझ्याइतकं कुणाला जमतंय? प्लीज, यार!"

केंड्रा हरखली. चार तास कॅमेरा घेऊन उभी राहिली.

पडद्यावर अंगठ्या झाल्या, पेढे झाले. मग नुसता खुर्चीचा पाय दिसू लागला. पाणी प्यायला जाताना ती कॅमेरा बंद करायला विसरली होती. आवाज येत होते.

"वहिनी, ती तुमची पाहुणी दिसत नाही?" पर्णिकाच्या आत्याने विचारलं.

"तिच्या हाती कॅमेराच दिलाय, वन्सं," काकू हसली. "कॅसेट पुण्याला जायचीय. व्याह्यांकडे सगळं गणगोत बघणार. मध्येच ही काळी उभी, कुणाकुणाला समजावत बसू?"

"आयडिया माझी हं!" पर्णिका म्हणाली. "जरा तारीफ केली, खलास. मॅडम खूश."

केंड्राने तो तुकडा दुसऱ्यांदा ऐकला. समजायला काही अडलं नाही.

साडेसहाला काकू आणि पर्णिका परतल्या.

"अय्या, पाहिलीस कॅसेट? कशी झालीय?" काकूने विचारलं.

"मी कुठेच नाही," केंड्रा मराठीत म्हणाली.

"शूटिंग करणारी कशी दिसेल, वेडे?" पर्णिका म्हणाली.

केंड्राने टेप मागे नेली आणि पुन्हा लावली. काकूचा आवाज सुरू झाला तशी पर्णिका टीव्ही बंद करायला धावली.

सोमवारी फॉर्म अटलांटाला फॅक्स झाला. शेवटच्या प्रश्नापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. ते उत्तर विचारायला संध्याकाळी तिथून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा तो काकूने घेतला आणि केंड्रा आतल्या खोलीत असताना ती घरी नाही, असं सांगितलं.